भिंतीकडे झुकणारी डिस्क

१

कारखान्यात मला सगळे मायक्रॉन म्हणायचे. माझं काम मापं तपासायचं. कुणी कितीही घाम गाळून एखादा भाग घडवला असला तरी तो शेवटी माझ्या टेबलावर यायचा, आणि केसाच्या जाडीएवढा जरी चुकला असला तरी आल्या वाटेने परत जायचा. लोक पाठीमागे शिव्या घालायचे आणि पुढ्यात चहा आणून ठेवायचे. माझी काही तक्रार नव्हती. माप खोटं बोलत नाही, हे एकच वाक्य मी आयुष्यभर बोललो. निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषणात तेच वाक्य माझ्या अंगावर फेकलं आणि सगळे पोट धरून हसले.

आता जे सांगतोय ते गाडीच्या ब्रेकचं.

आमची एकुलती एक पोरगी. तिला लांबच्या गावी नोकरी लागली. मध्ये मोठा घाट, आणि गाडी तिने स्वतः चालवत न्यायची असं ठरलेलं. ठरलेलं म्हणजे मीच कबूल करून बसलो होतो, तिच्या परीक्षेच्या आधी, बोलण्याच्या भरात. आता शब्द दिला तो दिला. निदान गाडी तरी अशी द्यावी की घाटात तिने डोळे मिटून ब्रेकवर पाय ठेवावा.

पुढच्या दोन्ही डिस्क झिजल्या होत्या. डिस्क म्हणजे चाकाच्या आत बसवलेली ओतीव लोखंडाची तबकडी. आपण पाय दाबला की दोन्ही बाजूंचे पॅड तिला चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. इतकं सोपं यंत्र आहे. नव्या डिस्क आणल्या, नवे पॅड आणले आणि घराला लागून पत्र्याची शेड आहे तिथे जॅक लावला.

"अहो, गॅरेजवाल्याला द्या की," बायको दारातून म्हणाली. "पोरगी घाटातून जाणार आहे."

"म्हणूनच मी करतोय."

"तुमचं म्हणजे ना, दुसऱ्याने केलेला चहासुद्धा गोड लागत नाही."

तिचं खोटं नव्हतं. पण काम मी झकास केलं. हब म्हणजे डिस्क जिच्यावर बसते ती बैठक, तिचा गंज तारेच्या ब्रशने घासून ती आरशासारखी केली, डिस्क बसवल्या, नट आडवे-तिडवे एकेक करून मोजून आवळले. मग एकटाच चक्कर मारून आलो. ब्रेक असा लागला की वाटलं, उगाच निवृत्त झालो.

२

संध्याकाळी पोरगी म्हणाली, "बाबा, चला, मी चालवते. तुमची कलाकुसर बघू."

ती चालवायला, मी शेजारी. पाण्याच्या टाकीकडे उतार आहे, तिथे तिने ब्रेक दाबला. आणि गाडी थरथरायला लागली. थोडीथोडकी नाही, माझ्या तळपायाखालचा पत्रा, डॅशबोर्ड, काच, सगळं. माझे दात एकमेकांवर वाजले.

"अगं, सोड! सोड पाय!"

तिने दचकून माझ्याकडे पाहिलं. "काय झालं?"

"काय झालं म्हणजे? गाडी बघ की कशी करतेय!"

"कशी करतेय?" तिने पुन्हा हळूच ब्रेक दाबला. पुन्हा तेच. कप्प्यातली चिल्लर खुळखुळत होती. तिचा हात स्टिअरिंगवर सैल होता आणि चेहरा अगदी निवांत. "लोण्यासारखा लागतोय, बाबा. मस्त केलंय काम."

मला आधी वाटलं, पोरगी माझी टर उडवतेय. आमच्या घरात तो सगळ्यांचा आवडता उद्योग आहे. पण टर उडवताना तिच्या नाकपुड्या हलतात, आणि त्या हलत नव्हत्या. मी तिला बाजूला बसवलं आणि स्वतः चालवायला घेतली. पेडल माझ्या बुटाच्या तळव्याला खालून ढुशा देत होतं. घरी पोचलो तेव्हा पुढच्या चाकांना करपल्याचा वास येत होता. रिमच्या जवळ हात नेला तर चटका बसेल इतकी धग.

बायकोने वास घेतला. फक्त म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं."

घाटात सलग उतार असतो. ब्रेक इतके तापले तर शेवटी लागेनासे होतात. पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. हे मी बायकोला सांगितलं नाही.

३

डिस्क बदलल्यावर ब्रेक थरथरला तर कारणं ठरलेली असतात. हबवर कचरा राहिला, नट कमीजास्त आवळले, पॅड दाबणारा कॅलिपर अडकला, नाहीतर डिस्कच मुळात वाकडी आली. मी सगळं उघडलं आणि सगळं पुन्हा केलं. कचरा नव्हता. नट ठीक होते. कॅलिपर बोटाने सरकत होता. मग एकटा चक्कर मारायला गेलो. टाकीच्या उतारावर ब्रेक दाबला, काही नाही. जोरात दाबला, तरी काही नाही.

आता एकटं असताना काही होत नाही आणि शेजारी माणूस असलं की होतं, तर शहाण्या माणसाने वजनाचा विचार करावा. मी शेजारच्या मास्तरांना बोलावलं. त्यांची अंगकाठी माझ्या पोरीएवढीच, फुंकर मारली तर उडतील. मास्तर बसले आणि टाकीपर्यंत स्वतःच्या गुडघ्याचं पुराण सांगत राहिले. ब्रेक लोण्यासारखा.

"काय शोधताय?" त्यांनी विचारलं.

"थरथर."

"माझ्या गुडघ्यात आहे की हवी तेवढी," मास्तर म्हणाले.

परत येऊन पोरीला बसवलं. ती कुरकुरत आली, कारण ती खोलीत सामान भरत होती. टाकीचा उतार. पुन्हा चिल्लर खुळखुळली.

मी म्हटलं, सीटखालचा एखादा बोल्ट असेल. तिला मागच्या सीटवर बसायला सांगितलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी आता नक्की म्हातारा झालो. पण बसली. मी ब्रेक दाबला, आणि या वेळी पुढून काही आलं नाही. थरथर मागून आली, मागच्या चाकांतून. त्या चाकांना मी हातसुद्धा लावला नव्हता.

"झालं का समाधान?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणालो. घरी येईपर्यंत मी ब्रेक जेमतेम वापरला.

४

मी कानाला खडा लावला होता की गॅरेजची पायरी चढायची नाही. चढलो. गॅरेजवाला मला ओळखतो, आणि मी त्याच्या कामाला नावं ठेवतो हेही त्याला ठाऊक आहे. त्याने मनातल्या मनात हसून घेतलं, गाडी घेऊन गेला आणि परत आला.

"काही नाही हो. मख्खन आहे."

"माझी मुलगी बसली की होतं."

"काय होतं?"

"थरथर."

तो फडक्याला हात पुसत माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्या जागी असतो तर मीही तसंच बघितलं असतं. तेवढ्यात पोरगी आलीच. बाजारातून येताना तिला माझ्याबरोबर गाडीने घरी जायचं होतं. ती दारातून आत आली आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने वाजले. फार मोठा आवाज नाही. कपाटातल्या बश्या एकमेकींना टेकतात तसा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आवाज गेला आणि थांबला.

"ट्रक गेला वाटतं," गॅरेजवाला म्हणाला.

मी रस्त्याकडे पाहिलं. भाजीची गाडी उभी होती आणि एक म्हातारा सायकल हातात धरून चालत होता. गॅरेजवाल्यानेही पाहिलं. मग तो भिंतीपाशी गेला आणि सगळ्यात मोठा पाना खिळ्यावरून काढून जमिनीवर ठेवला. त्यानंतर तो पोरीशी बोलला नाही आणि माझ्याशी फक्त एवढंच बोलला की गाडीत दोष नाही, घेऊन जा.

५

मग मी डायल बाहेर काढली.

डायल म्हणजे घड्याळासारखी चकती, एक काटा आणि खाली एक बारीक टोक. ते टोक डिस्कच्या अंगाला टेकवायचं आणि डिस्क हाताने सावकाश फिरवायची. डिस्क कुठे डुलली की काटा सांगतो. जिथे सगळ्यात जास्त डुलेल तिथे खडूने खूण करायची. मग डिस्क काढून थोडी फिरवून पुन्हा बसवायची. डुलणं खुणेबरोबर फिरलं तर दोष डिस्कमध्ये. जागेवर राहिलं तर दोष हबमध्ये. तिसरं काही नसतं.

दुपारची वेळ होती. पुढचं डावं चाक काढलेलं, मी पाटावर बसलेला. चाकाची बाजू घराच्या भिंतीकडे होती, आणि त्या भिंतीच्या पलीकडे पोरीची खोली. ती सामान आवरत होती. कपाटाचं दार, चपला, खुर्ची सरकवल्याचा आवाज, मध्येच फोनवर हसणं.

पहिली खूण केली. पुन्हा तपासलं तर डुलणं दुसरीकडे. तिथे खूण केली. तिसऱ्यांदा आणखी कुठे. डिस्कवर जिकडेतिकडे खडूच्या रेघा झाल्या. मी स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या, डायल काढली, पुसली, सपाट पट्टीवर तपासली. डायल अचूक होती.

म्हटलं, आता फिरवायचंच नाही. डिस्क स्थिर ठेवली, टोक टेकवलं आणि हात मांडीवर घेऊन बसलो. काटा शून्यावर होता. मग तो हलला.

मी हात लावला नव्हता. वारा नव्हता. काटा थोडा पुढे गेला, थांबला, थोडा मागे आला. पलीकडे कपाटाचं दार वाजलं. काटा पुढे गेला. कपाट भिंतीला लागूनच आहे. पावलं लांब गेली, पलंगाची कुरकुर झाली. काटा मागे आला. पावलं पुन्हा कपाटाकडे आली आणि काटाही आला.

ओतीव लोखंडाची ती जाड डिस्क भिंतीकडे झुकत होती. अगदी केसभर, पण झुकत होती. पोरगी भिंतीजवळ आली की जास्त, लांब गेली की कमी.

डोकं आपलं काम करत होतं. ओढ एकसारखी असेल तर पायाला कळणार नाही, असं मी स्वतःशी म्हणत होतो. पायाखालचं पेडल थरथरतं, म्हणजे ओढ कमीजास्त होतेय. धरतंय, सोडतंय, पुन्हा धरतंय. मी हे सगळं गणितासारखं मांडलं आणि मग पाटावरून उठलो, कारण मला तिथे बसवेना.

६

चुंबक! मला एकदम आठवलं आणि मी मोठ्याने हसलो. डायलच्या स्टँडचा पाया चुंबकाचा असतो. असेल काहीतरी चुंबकाचंच. उंटावरचा शहाणा मी. तो पाया काढून टाकला आणि लाकडाच्या ठोकळ्यावर डायल शिकंज्यात आवळली. पोरीला हाक मारून म्हटलं, जरा फोन बाहेर ठेव आणि हातातलं कडंही काढून ठेव.

"का?"

"काढ म्हटलं ना."

"बाबा, तुम्ही मला एखादा सुटा भाग समजताय का?" पण तिने काढलं आणि शेडच्या दारात येऊन उभी राहिली. काटा पुढे सरकला. ती एक पाऊल आत आली. काटा आणखी सरकला. चुंबक नव्हता, कडं नव्हतं, फोन नव्हता.

"काय मोजताय?"

"काही नाही. जा तू."

"बघू तरी." ती आली आणि माझ्या खांद्यावरून वाकली, लहानपणी वाकायची तशीच, हनुवटी माझ्या खांद्यात रुतवून. काटा गर्रकन फिरला. चकतीचा पूर्ण फेरा झाला, दुसरा सुरू झाला, आणि डिस्कमधून एक आवाज आला. जुन्या पलंगावर कुणी कूस बदलावी तसा. जॅकवर उभी असलेली गाडी आमच्या बाजूला किंचित कलली.

मी पोरीचा दंड धरून तिला मागे ओढलं. इतक्या जोराने ओढलं की ती कळवळली.

"अहो बाबा! काय हे!"

"जॅक ढिला आहे. जवळ येऊ नकोस."

"एवढंच ना? तोंडाने सांगा की." ती दंड चोळत हसली. "तुमचंच काम ढिलं आणि राग माझ्यावर."

ती गेल्यावर मी जॅक तपासला. जॅक घट्ट होता. मी शेडच्या दाराला कडी लावली आणि बराच वेळ अंगणात उभा राहिलो. मला खूप भीती वाटत होती. ती भीती गाडीची नव्हती.

७

बायको स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. मी स्टुलावर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. मास्तर, मागची चाकं, पाने, भिंत, काटा. माझी अपेक्षा होती की ती म्हणेल, निवृत्तीनंतर माणसाचं डोकं फिरतं ते असं. मला तेच ऐकायचं होतं.

ती हातातलं भांडं पुसतच राहिली. मग तिने ओट्याखालचा खण ओढून दाखवला. त्यात सुऱ्या होत्या. सगळ्या एका जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या, वरून सुतळीने बांधलेल्या.

"हे काय?"

"ती जेवायला बसते ना त्या बाजूला वळतात," बायको म्हणाली. "फळीवर ठेवल्या की टोकं तिकडे होतात. मी सरळ करून ठेवायची. परत यावं तर तशाच. आधी वाटलं, माझाच हात असा लागत असेल."

"कधीपासून?"

"काय माहीत. लक्षात आलं तेव्हापासून मी बांधून ठेवते. तवा पण खिळ्यावरून काढला. तिच्या डोक्यावर यायचा तो."

मी रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. मी रोज तिथे बसून चहा पितो आणि मला दिसलं नव्हतं. आयुष्यभर मापं घेतली आणि माझ्या घरातला तवा कुठे गेला हे मला माहीत नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मोजलं असतं," ती म्हणाली. "आणि मोजल्यावर ते खरं झालं असतं." तिचा आवाज तिथे फाटला. तिने पदराने डोळे पुसले आणि भांडं जागेवर ठेवलं.

"तिला ठाऊक आहे?"

"नाही. तिला काही जाणवतच नाही हो. सांगू नका. आधी हसेल, मग घाबरेल. नव्या गावाला जायचंय तिला."

"गाडी द्यायची नाही," मी म्हणालो.

"नाहीच द्यायची. पण ठेवून तरी कुठे घेणार? इथे?" तिने खिडकीच्या गजांकडे पाहिलं. मीही पाहिलं. गज सरळ होते की नव्हते ते मला नुसत्या डोळ्यांनी कळेना, आणि तिथे डायल लावायची माझी छाती झाली नाही.

आम्ही दोघांनी मिळून ठरवलं की तिने बसने जावं. बस मोठी, चाकं तिच्या पायापासून लांब, माणसं भरपूर, चालवणारा मुरलेला. एवढ्या मोठ्या धुडाला एका पोरीच्या ओढीने काय होणार, असा विचार आम्ही केला. आम्हाला दुसरा कुठलाही विचार करायचा नव्हता.

८

"पार्ट चुकीचा आलाय," मी जेवताना पोरीला सांगितलं. "नवा मागवलाय. तू बसने जा, गाडी मी मागाहून आणून देतो."

तिने घास खाली ठेवला. "तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता. गाडी ठीक नाही."

"मी रोज चालवतेय, मला तर काही दिसत नाही! तुम्हाला एकट्यालाच दिसतं. ते गॅरेजवाले काका म्हणाले दोष नाही, मास्तरकाका म्हणाले दोष नाही." तिचे डोळे भरून आले होते. "खरं सांगा ना बाबा. मी एकटी गेलेली तुम्हाला नकोय. एवढंच आहे ते. थरथर तुमच्या मनात आहे."

बाप म्हणून तिचं बोलणं सोळा आणे खरं होतं. तिने जावं असं मला कधीच वाटलं नव्हतं. नोकरीचं पत्र आलं तेव्हा मी मिठाई आणली आणि शेडमध्ये जाऊन रडलो होतो. पण डिस्क मी वाकवली नव्हती.

"हो," मी म्हणालो. "मला नकोय तू गेलेली. तरी जा. फक्त बसने जा."

ती उठून गेली. बायकोने तिचं ताट उचललं. ताट स्टीलचं होतं आणि बायकोने ते दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं मी पाहिलं.

निघायच्या सकाळपर्यंत राग मावळला होता. ती अशीच आहे, वाफ लगेच निघून जाते. पाया पडली, मला म्हणाली, "मायक्रॉनसाहेब, पार्ट लवकर मागवा." मी तिला जवळ घेतलं. शर्टाच्या खिशातलं माझं पेन, ज्याचं टोपण पोलादी आहे, खिशातल्या खिशात आडवं झालं आणि तिच्याकडे वळलं. मी तिला सोडलं नाही. बायकोने शेवटी हाक मारली म्हणून सोडलं.

९

बसथांबा आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे, घरातून दिसतो. थांब्यापर्यंत यायचं नाही, असं तिने बजावलं होतं. सगळ्यांसमोर रडारड नको. बायको रस्त्यावर जाऊन उभी राहिली, मी फाटकाच्या आत. आमचं फाटक रस्त्याच्या बाजूला उघडतं. कडी काढलेली होती आणि माझा हात गजांवर होता.

ऊन छान पडलं होतं. पोरगी बॅग ओढत चालली होती. चाकांची बॅग, खडखड आवाज करणारी. ती मास्तरांच्या घरावरून गेली आणि मास्तरांचं फाटक उघडलं. हळूच, हातभर. आत कुणी नव्हतं. मग त्यापुढचं उघडलं. मग समोरच्या ओळीतलं. ती पुढे जात होती आणि दोन्ही बाजूंची फाटकं तिच्या मागून एकेक करून उघडत होती, पाहुणा गेल्यावर माणसं दारात येतात तशी. जी कडी लावून बंद होती ती नुसतीच कड्यांवर ताणली गेली. उभ्या असलेल्या एका सायकलचं हँडल वळलं. पोरीने एकदाही मागे पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तरी तिला फक्त उघडी फाटकं दिसली असती.

बायको तिच्या पाठीकडे बघून हात हलवत होती. तिने ते पाहिलं की नाही मला आजही ठाऊक नाही.

बस आली. पोरगी चढली, खिडकीतून हात बाहेर काढला. बस निघाली आणि वळणावर चालवणाऱ्याने ब्रेक मारला. मागचा पत्रा आणि काच थरथरताना मला इथून दिसली. जुनी बस आहे, जुन्या बसेस थरथरतात, असं मी स्वतःला सांगितलं. मग ती वळली आणि दिसेनाशी झाली.

आता कमी होईल. भिंतीपासून लांब गेली की काटा मागे यायचा, मी स्वतः पाहिलं होतं. मी फाटकाचे गज धरून वाट पाहत राहिलो.

ओढ कमी झाली नाही. आधी एका हाताला जाणवत होती, मग मला दुसरा हात लावावा लागला. रबर ताणावं तशी, बस जितकी लांब जात होती तितकी ती वाढत होती. गज तळहातात रुतायला लागले. खालच्या बिजागरीतून डिस्कसारखाच, कूस बदलल्यासारखा आवाज आला. मी एक पाय खांबाला टेकवला आणि मागे रेललो, तरी फाटक रस्त्याच्या दिशेने माझ्यासकट सरकत होतं.

बायको माझ्याकडे वळली. ती फाटकाच्या अगदी पुढ्यात उभी होती, डोळे पुसत. मला असं ओणवं, लालबुंद झालेलं पाहून तिला वाटलं असणार की मी रडतोय.

"गेली आता पोरगी," ती मायेने म्हणाली. "सोडा ते फाटक."

"तू आधी बाजूला हो," मी म्हणालो. "आणि तिला फोन लाव. म्हणावं, उतर. घाटाच्या आधी उतर."